लाइप्झिगचा महापौर कार्ल गोर्डेलर

नालवाडीच्या वाचकांस ही गोष्ट ठाऊक असेल की, २३ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी हिटलरास ‘प्रिय मित्र’ असे संबोधून युद्ध टाळण्याची विनंती करणारे जे पत्र लिहिले, त्यावर पत्ता शेजारच्या वर्ध्याचा होता. इंग्रज सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. मग प्रश्न उद्भवतो तो असा: ज्यांचे लेख हिटलरच्या दरबारी पोहोचत होते, अशा त्याच्याच देशातील मनुष्यांनी काय केले? त्यांपैकी एकाचे चरित्र येथे देत आहो.

कार्ल गोर्डेलर ह्यांचा जन्म १८८४ साली प्रशियात झाला. ते कायद्याचे पंडित, मताने जुन्या वळणाचे, आणि १९३० पासून लाइप्झिग शहराचे महापौर होते. १९३३ साली हिटलर अधिकारावर आला तेव्हा त्यांनी पद सोडले नाही. १९३४ साली तर वस्तूंच्या भावांवर देखरेख करण्याचे सरकारी काम त्यांनी पत्करले. चांगला कारभारी आत राहिला तर राज्य ताळ्यावर येईल, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते सरकारास लांबलचक निवेदने लिहीत. ती वाचली जात व बाजूस ठेवली जात.

लाइप्झिगच्या संगीतगृहासमोर मेंडेल्सोन ह्या संगीतकाराचा पुतळा होता. भविष्यवादी एलीया ह्याच्यावरील विख्यात संगीतरचना ह्याचीच; आणि नाताळातील एका सर्वश्रुत इंग्रजी गीताची चालही ह्याच्याच संगीतातून घेतलेली आहे. बालपणीच त्याचा बाप्तिस्मा झाला होता. परंतु त्याचा जन्म यहूदी कुळात झालेला, एवढेच नाझींस पुरे झाले. नोव्हेंबर १९३६ मध्ये महापौर परदेशी गेले असता त्यांच्या दुय्यमाने तो पुतळा काढून टाकविला. परत येताच गोर्डेलर ह्यांनी तो पुन्हा उभारण्याची मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला व १९३७ च्या मार्चअखेर ते पदावरून गेले.

येथे त्यांना साधू ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. १९४१ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या योजनेत त्यांनी जर्मनीतील बहुतेक यहूद्यांस नागरिकत्व न देता त्यांच्यासाठी निराळे राज्य असावे, असे सुचविले होते. ज्याने पुतळ्यासाठी पद सोडले, त्याच्याच लेखणीतून हे उतरावे!

तथापि पुढील वर्षांत त्यांनी देशोदेशी हिंडून धोक्याची सूचना दिली, आणि हिटलरास पदच्युत करू पाहणाऱ्या गुप्त मंडळाचे ते पुढारी झाले. हिटलरचा वध न करता त्यास पकडून न्यायासनापुढे उभे करावे, असे त्यांचे मत होते. २० जुलै १९४४ चा कट यशस्वी झाला असता तर तेच जर्मनीचे प्रधानमंत्री व्हावयाचे होते. तो फसला. त्यांच्या शिरावर दहा लक्ष मार्कांचे बक्षीस लागले. एका खानावळीत एका स्त्रीने त्यांना ओळखले व ते पकडले गेले. २ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. युरोपातील युद्ध संपावयास तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

त्या पुतळ्याची प्रतिकृती २००८ साली लाइप्झिगमध्ये संत थोमाच्या मंदिराजवळ उभारण्यात आली.