गिटारवर हात बसलाय, आता शिक्षक हवा

दहावी-बारावीच्या निकालाच्या मोसमात पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी काही वर्षं घरीच व्हिडिओ बघून गिटार वाजवतेय, गॅदरिंगमध्ये कौतुक झालंय, आणि आता यातच पुढे जायचं म्हणतेय. आईवडील विचारतात, ‘यात पोट भरेल का?’ मुलं विचारतात, ‘मला एवढं येतं, मग क्लास कशाला?’ दोघांनाही मी एकच सांगतो: करिअरचा निर्णय आत्ता करू नका. आधी वर्षभर चांगल्या शिक्षकाकडे जा. मुलाची खरी तयारी किती, हे सांगणारा माणूस अजून तुमच्या घरात आलेलाच नाही.

आपलं आपण शिकलेल्या मुलाला मी कधीच कमी लेखत नाही. कुणी मागे न लागता तो रोज वाद्य हातात घेतो, बोटांना घट्टे पडेपर्यंत वाजवतो, ऐकून ऐकून गाणं बसवतो. ही ओढ कुठल्याही क्लासला फी भरून मिळत नाही. अडचण वेगळीच आहे. व्हिडिओ शिकवतो, पण तुमचं वाजवणं ऐकत नाही. त्यामुळे चूक पहिल्या दिवशी झाली की ती रोज घोटली जाते आणि हाताला तेच वळण लागतं.

या चुका बहुतेकांच्या सारख्याच असतात. डाव्या हाताचं मनगट नको तितकं मुडपलेलं, खांदा वर चढलेला, आणि तारेवर गरजेच्या दुप्पट जोर. बोट फ्रेटच्या अगदी लगत टेकवलं तर थोड्या दाबातही स्वर स्वच्छ येतो, पण हे समोर बसून कुणी दाखवलेलं नसतं. मग एफची बार कॉर्ड आली की तारा फरफरतात आणि मुलाला वाटतं, आपली बोटंच कमजोर आहेत. कित्येकदा दोष वाद्याचा असतो. स्वस्तातल्या गिटारच्या तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतात आणि बोटांची ताकद तिथेच संपते. जाणकार शिक्षक पहिल्याच दिवशी गिटार हातात घेऊन पाहतो आणि सेटअप करून आणायला सांगतो. वाजवताना मनगट दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर जोर लावून रियाझ वाढवू नये. थांबावं, डॉक्टरांना दाखवावं, बसण्याची आणि हाताची ठेवण तपासून घ्यावी. वाजवणाऱ्यांची खरी कमाई त्यांचे हात असतात, म्हणून पालकांनी ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी.

त्याहून मोठी उणीव लयीची. एकट्याने वाजवताना सोपा भाग आपोआप पळतो आणि कॉर्ड बदलताना आपोआप अडखळतो. स्वतः गात असलो तर गाणंही सोबत अडखळतं आणि चूक झाकली जाते. ड्रमर शेजारी बसला की सगळं उघडं पडतं. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून चारच कॉर्ड सलग वाजवून पाहा. जलद गाणी सफाईने वाजवणारी मुलंही इथे डगमगतात, कारण संथ लयीत लपायला जागा नसते. स्टुडिओत कानात क्लिक वाजत असते आणि तिच्यावर बसूनच वाजवावं लागतं. इथे जो पक्का नाही, त्याला दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही.

तिसरी गोष्ट पट्टीची. जी, सी, डी, ई मायनर या उघड्या कॉर्डवर शेकडो गाणी निभावतात. पण कार्यक्रमाच्या दिवशी गायिका म्हणते, ‘आज आवाज जरा बसलाय, काळी दोनऐवजी काळी एक घेऊ या.’ तेव्हा वादकाला क्षणात सगळ्या कॉर्ड नव्या जागी न्याव्या लागतात. गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, म्हणजे कॅपो, काही वेळा मदत करतो, प्रत्येक वेळी नाही. फ्रेटबोर्डवर कुठला स्वर कुठे आहे आणि एका कॉर्डचं दुसरीशी नातं काय, हे समजलं असेल तर हे काम सोपं आहे. नुसत्या बोटांच्या जागा पाठ असतील तर अशक्य. मला स्वतःला शिकवणीचा सगळ्यात मोठा लाभ हाच वाटतो, कारण इथे मूल गाणी वाजवण्यापलीकडे जाऊन संगीत समजू लागतं.

आपल्याकडचा एक इतिहास पालकांनी जरूर जाणून घ्यावा. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी अनेक दशकं मोठं काम केलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणापासून नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. अरेंजरने लिहिलेला कागद समोर आला की हे वादक तो वाचून लगेच वाजवत, आणि या शिस्तशीर शिक्षणातूनच त्यांना काम मिळालं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं ठळक नाव. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका नायकाच्या नावात शिष्याने गुरूची आठवण जपली. आज स्टुडिओत संगणक आहे, मोठे वाद्यवृंद कमी झालेत. तरीही कागदावरचा चार्ट बघून दोन-तीन टेकमध्ये नेमकं वाजवणाऱ्याची किंमत कमी झालेली नाही.

आता मुलांसाठी. शिक्षकाकडे जाण्यात कमीपणा वाटत असेल तर रँडी ऱ्होड्स आठवा. ऑझी ऑस्बर्नच्या बँडमध्ये जगभर नाव झालेलं असताना हा गिटारवादक दौऱ्यावर असेल त्या शहरात क्लासिकल गिटारचा शिक्षक शोधून धडे घेत असे. १९८२मध्ये विमान अपघातात तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. कर्क हॅमेट १९८३ साली मेटॅलिका या बँडमध्ये आला आणि त्यानंतरही गिटारवादक जो सॅट्रियानी याच्याकडे शिकत राहिला. सॅट्रियानी स्वतः तरुणपणी लेनी ट्रिस्टॅनो या जॅझ पियानोवादकाकडे शिकला होता. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर राग वाजवण्याची वाट घडवली, ती सरोदवादक अली अकबर खाँ यांच्या तालमीतून. सूर, लय आणि कान घडवणारा गुरू गिटारवादकच असायला हवा असंही नाही. तुमच्या गावात गिटारचा चांगला शिक्षक नसेल, पण हार्मोनियम किंवा तबला मनापासून शिकवणारं कुणी असेल, तर तिथूनही बरंच मिळेल. हाताच्या ठेवणीपुरता महिन्यातून एक-दोनदा ऑनलाइन शिक्षक पाहावा.

शिक्षक निवडताना फलकावरच्या ग्रेड आणि फोटोंपेक्षा पहिला तास पाहा. मुलगा काही वर्षं वाजवतोय हे सांगितल्यावर जो आधी ‘वाजव, ऐकू दे’ म्हणतो, मध्ये न थांबवता पूर्ण ऐकतो आणि मग एकच गोष्ट दुरुस्त करायला देतो, तो बहुधा योग्य माणूस. ‘तुझं सगळं चुकीचं आहे, पहिल्यापासून सुरू कर’ असं म्हणणाऱ्याकडे आपलं आपण शिकलेलं मूल फार दिवस टिकत नाही. वीस जणांच्या बॅचमध्येही अशा मुलाचा फायदा होत नाही, त्याला एकास-एक तासच हवा. आठवड्याला एक तास आणि रोज अर्धा तास नेमका रियाझ कॉलेज सांभाळून सहज जमतो. पहिले दोन महिने वाजवणं बिघडल्यासारखं वाटेल, कारण जुनं वळण सुटत असतं आणि नवं अजून बसलेलं नसतं. या काळात घरातून ‘आधी बरं वाजवायचास’ हे वाक्य कृपया येऊ देऊ नका.

परीक्षा द्याव्यात का? हव्या असतील तर द्याव्यात, मुक्कामाला एक तारीख मिळते. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या क्लासिकल गिटारच्या प्रत्यक्ष परीक्षेत १०० पैकी ६६ गुण तीन रचनांना, १४ तांत्रिक भागाला आणि २० इतर चाचण्यांना असतात. ६० गुणांना उत्तीर्ण, ८७ला डिस्टिंक्शन. आधीची ग्रेड दिलेली असण्याची अट नाही, त्यामुळे तयारी असेल तर मुलाला थेट वरच्या ग्रेडला बसता येतं. बँडच्या धाटणीची आवड असेल तर ट्रिनिटीचीच रॉक अँड पॉप मालिका आणि रॉकस्कूलच्या परीक्षा आहेत. पुढे पूर्णवेळ शिकायचं ठरलं तर चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे, पणजीत कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे, परदेशात बॉस्टनचं बर्कली आहे. बर्कलीच्या ऑडिशनमध्ये बसवलेल्या रचनेबरोबर उत्स्फूर्त वादन, ऐकून वाजवणं आणि समोरचं नोटेशन वाचणंही तपासतात. घरी एकट्याने शिकलेल्याचं नेमकं इथेच अडतं.

पोटापाण्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. गिटारवादकाची मिळकत एका ठिकाणाहून येत नाही. शाळेत किंवा घरी शिकवणं, कार्यक्रमात साथ, स्टुडिओतलं काम, जाहिरातींसाठी किंवा मालिकांसाठी संगीत, स्वतःच्या रचना केल्यास आयपीआरएससारख्या संस्थेमार्फत मिळणारी रॉयल्टी, असं जोडत जावं लागतं. सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची असतात आणि घराचा आधार लागतो. म्हणून पदवीचं शिक्षण सोडून सगळं यावर लावा, असा सल्ला मी देत नाही. पदवीबरोबर गिटारचं रीतसर शिक्षण चालू ठेवा. शिकवण्याचं काम मात्र सगळ्यात लवकर आणि नियमित मिळतं. त्यासाठीही आपण काय वाजवतो हे शब्दांत सांगता यावं लागतं, आणि ते स्वतः कुणाकडे शिकलेल्यालाच नीट जमतं.

पहिल्या तासाला जाण्याआधी मुलाने एक आवडतं गाणं मोबाइलवर मेट्रोनोमबरोबर रेकॉर्ड करावं, चुका तशाच ठेवाव्यात, तारीख घालावी. वर्षभराने तेच गाणं, त्याच लयीत पुन्हा रेकॉर्ड करावं आणि दोन्ही तुकडे शिक्षकाच्या समोर, पालकांसह बसून ऐकावेत. पुढच्या प्रवेशाचा अर्ज कुठला भरायचा, हे त्या बैठकीत ठरवता येईल.