आधी वारकरी मोज

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, येते खरी, पण मला चार पक्षीसुद्धा धड ओळखता येत नाहीत. तुमच्या त्या लोकांसमोर कसं व्हायचं?" बाजूला सगळे बसले होते, म्हणून मी नुसतं "ये गं" म्हणून फोन ठेवला. आज घर निवांत आहे, आता सांगते.

चार ओळखता येतात ना? मग चार लिहायचे. पाचवा दिसला आणि नाव सुचलं नाही, तर वहीत लिहायचं, "बदक, ओळख पटली नाही, दोन." ई-बर्डवर अशा नोंदीलासुद्धा जागा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा कशात आहे ते मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी माझ्याहून जाणत्या माणसानं लांबच्या एका ठिपक्याकडे बोट दाखवून एक दुर्मीळ नाव घेतलं. मला ठिपक्यापलीकडे काही दिसलं नव्हतं, तरी मी ते नाव यादीत घातलं. चार दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकानं विचारलं, तुम्ही नेमकं काय पाहिलंत? चोच कशी होती, पंखावर पट्टा होता का? माझ्याकडे सांगायला एक शब्द नव्हता. ती नोंद मी काढून टाकली. तुला असं कुणी विचारलं तर राग मानू नकोस. त्याच प्रश्नामुळे मी पुढे बघायला शिकले.

आपण शनिवारी आधी परसवाड्याच्या तलावावर जाऊ, उन्हं वर आली की झिलमिलीला. गोंदियाच्या जानेवारीत पहाटे बोटं गारठतात, हातमोजे आण. कपडे मातकट रंगाचे हवेत, ती लाल ओढणी घरीच ठेव. धुऱ्यावरून चालताना दवानं पाय घोट्यापर्यंत भिजतात, तेव्हा चपला नकोत. आणि एक गोष्ट तुला पुरुषमाणसं सांगणार नाहीत, मी सांगते. तलावावर बायकांची कसलीच सोय नसते. म्हणून पहाटेपासून पाणी न पिता राहायचं, असं मी दोन वर्षं केलं आणि दुखणं ओढवून घेतलं. आता गावात एक ओळखीचं घर धरून ठेवलंय. तिथली वहिनी चहाही देते. तू पोटभर पाणी पी. पुढे एकटी जायला लागलीस तरी कुठल्या तलावावर जातेस आणि परत कधी येणार, हे घरी सांगितल्याशिवाय निघू नकोस.

दुर्बीण ८ × ४२ घेतलीस ते छान केलंस. जास्त मोठं दाखवणारी घेतली असतीस तर हात हलला की सगळं चित्र हललं असतं. आदल्या दिवशी गच्चीवर बसून ती डोळ्यांना जुळवून ठेव. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याचं चित्र स्वच्छ कर, मग डावा मिटून उजवीकडची कडी फिरव. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी धरायचा, नजर तिथंच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आपण पूर्वेच्या पाळीवर उभ्या राहू, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी दिसतात आणि मन नको ती नावं सुचवू लागतं.

आता मोजणं. नवीन माणूस आल्या आल्या सारस शोधतो, तूही शोधशील. पण आधी वारकरी मोज. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर थव्यानं बसलेले असतात. उडायचं झालं तर आधी पाण्यावर धावतात, पायांची चपचप पाळीवर ऐकू येते. त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. "वारकरी पुष्कळ" असं लिहून लोक पुढे जातात. पुष्कळ म्हणजे किती? पुढच्या जानेवारीत पुष्कळ होते की कमी, हे मग कोण सांगणार? दहा पक्षी नीट मोज, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धर आणि तो तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. चुकेल, पण "पुष्कळ"पेक्षा कामाचं असेल. मग हळदी-कुंकू, अडई, थापट्या, तलवार बदक, टिबुकली, शेकाट्या. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडे वर येते, तिला दोनदा मोजू नकोस.

वहीत सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि किती चाललो ते लिहायचं. आपण जे ओळखलं ते सगळं लिहिलंय, कावळा-साळुंकीसुद्धा, तरच यादी "पूर्ण" म्हणायची. असं का, तर पूर्ण यादीत एखादं नाव नसलं, तर ते त्या दिवशी आढळलं नाही एवढं तरी कळतं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते ती याच हिशोबावर. तेच तलाव, तोच महिना, वर्षामागून वर्ष. आपल्याकडचे बरेच तलाव कोहळ्यांनी धानासाठी बांधलेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले. कुठे गाळ साचला, कुठे पाळीवर बेशरम माजली. तलाव बिघडतोय हे तोंडी सांगितलं तर कुणी ऐकत नाही. दहा वर्षांचे आकडे पुढे ठेवले की निदान कागद हातात घेतात. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून तर तुझ्यामागे लागले आहे.

आवाजही टिपून ठेव. फोन स्थिर धर, अर्धं मिनिट आपण दोघी श्वाससुद्धा हळू घेऊ, आणि शेवटी तारीख, वेळ, ठिकाण तोंडानं बोलून टाक. मात्र टिपलेला आवाज पुन्हा वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचं नाही. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला. तो खाणं सोडून भांडायला येतो.

ढीवरांशी बोल. डोंग्यात बसलेल्या माणसाला बदकं फारशी घाबरत नाहीत, आपल्याला घाबरतात. कोणत्या भागात देवधान आहे, पाणी कुठे आटतंय, हे त्यांना आपल्याआधी कळतं. मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते, तेव्हा तेही अशाच माणसांकडून शिकले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, म्हणून आपल्या राज्यात त्या दिवसांत पक्षी सप्ताह असतो. ढीवर जे नाव सांगतील तेही वहीत लिही, पुस्तकातल्या नावाशेजारी.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. एका ऑगस्टमध्ये कमळाच्या पानांत कमळपक्ष्याचं घरटं दिसलं. चार अंडी, तपकिरी, तुळतुळीत. अंड्यांवर नर बसतो, मादी दुसरा जोडीदार बघते. मला फोटो हवा होता. मी पुढे झाले, तो उठला आणि लांब लांब बोटं टाकत पानांवरून दूर गेला. मी हलले नाही, म्हणून तोही परतला नाही. मला वाटलं पाच मिनिटं झाली असतील. कावळा आला आणि एक अंडं घेऊन गेला. माझ्या डोळ्यांदेखत, गं. तो फोटो मी अजून पुसलेला नाही आणि कुणाला दाखवलेलाही नाही. घरटं दिसलं की आल्या पावली मागे फिरायचं, एवढं माझं ऐक.

सारसांचंही तसंच. अख्ख्या महाराष्ट्रात ते आता पन्नासही उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक आपल्याच जिल्ह्यात. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत घरटं करतात. विजेच्या तारा आणि शेतातली औषधं त्यांच्या जिवावर उठली आहेत. शनिवारी नशिबात असेल तर जोडी दिसेल. नर एकदा ओरडतो, मादी लगोलग दोनदा, आणि तो आवाज पार पलीकडच्या गावापर्यंत जातो. तेव्हा दुर्बीण खाली ठेवून नुसतं ऐकलंस तरी चालेल. पिल्लू बरोबर असेल तर ओळखशील, त्याचं डोकं लाल नसतं, बदामी असतं. दिसलं तर जागा कुणाला कळवू नकोस, फोटोसुद्धा लगेच टाकू नकोस.

शुक्रवारी रात्री लवकर झोप. पाच वाजता मी गाडी काढते. वही मी आणते, पेन्सिल तू आण, दवात पेनाची शाई फुटते. वारकऱ्यांचा आकडा तू सांगायचा आणि मी लिहिणार.