प्रसिद्धीविना कायदा नाही : राजपत्र, जाहीर नोटीस आणि मृताच्या मालमत्तेची उद्घोषणा

वर्तमानपत्राच्या आतील पानावर बारीक अक्षरांत छापलेल्या जाहीर नोटिसा बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. अमुक गावची अमुक गट क्रमांकाची जमीन संपादित होणार आहे, अमुक व्यक्तीच्या मृत्युपत्राचे प्रोबेट मागण्यात आले आहे, मृताकडे कोणाचे येणे असल्यास त्याने ठराविक मुदतीत कळवावे, अशा आशयाचा तो मजकूर असतो. परंतु या काही ओळींवर एखाद्याची जमीन, एखाद्या मुलीचा वारसाहक्क किंवा एखाद्या छोट्या सावकाराचे येणे अवलंबून असू शकते. शासनाने किंवा न्यायालयाने एखादी गोष्ट ‘जाहीर केली’ असे केव्हा म्हणता येते, आणि जाहीर न केल्यास काय परिणाम होतो, हा प्रश्न राज्यघटना, प्रशासकीय कायदा आणि महसूल प्रशासन या तिन्ही विषयांच्या अभ्यासकास महत्त्वाचा आहे. या प्रश्नावरील एक मूलभूत न्यायनिर्णय पूर्वीच्या जयपूर संस्थानातून आलेला आहे.

आमेर आणि जयपूरची पार्श्वभूमी

जयपूरपासून सुमारे ११ किलोमीटर अंतरावरील आमेर ही कछवाहा राजघराण्याची जुनी राजधानी. सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ मध्ये जयपूर नगराची स्थापना केली आणि राजधानी तेथे नेली. आमेरच्या किल्ल्यातील ‘दिवाण-ए-आम’ म्हणजे राजाने प्रजेची गाऱ्हाणी ऐकण्याची जागा. राजाज्ञा प्रजेपर्यंत पोहोचविण्याचे त्या काळातील साधन म्हणजे मुनादी, अर्थात आपल्याकडील दवंडी. ढोल वाजवून चौकात हुकूम वाचून दाखविला, की तो सर्वांना कळला असे मानले जाई. छापील राजपत्राने पुढे या दवंडीची जागा घेतली. साधन बदलले तरी तत्त्व तेच राहिले : ज्याने आज्ञा पाळावयाची, त्याला ती कळण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे.

हारला विरुद्ध राजस्थान राज्य (१९५१)

जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह (दुसरे) यांचे १९२२ मध्ये निधन झाले. वारस महाराजा अल्पवयीन असल्याने राज्यकारभारासाठी मंत्रिपरिषद नेमण्यात आली. या परिषदेने ११ डिसेंबर १९२३ रोजी ठराव करून ‘जयपूर अफू अधिनियम’ संमत केला. तथापि हा अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध झाला नाही आणि अन्य कोणत्याही मार्गाने जनतेस कळविण्यातही आला नाही. त्याच सुमारास झालेल्या ‘जयपूर कायदे अधिनियमा’त मात्र, यापुढे होणारे कायदे शासकीय राजपत्रात प्रसिद्ध झालेले असावेत, अशी तरतूद होती. १९३८ मध्ये अफू अधिनियमात दुरुस्ती करून तो १ सप्टेंबर १९२४ पासून अमलात आल्याचे कलम घालण्यात आले.

पुढे ऑक्टोबर १९४८ मधील कृत्याबद्दल हारला या व्यक्तीस या अधिनियमाच्या कलम ७ खाली दोषी ठरवून ५० रुपये दंड करण्यात आला. दंडाची रक्कम लहान होती, परंतु प्रश्न मोठा होता. बंद दालनात केवळ ठराव संमत झाल्याने कायदा अस्तित्वात येतो काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये याचे उत्तर नकारार्थी दिले. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. ज्या कायद्याची माहिती लोकांना नव्हती आणि वाजवी प्रयत्न करूनही ती मिळविता आली नसती, त्या कायद्याखाली शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांविरुद्ध आहे, असा त्याचा गाभा होता. प्रसिद्धीची रीत कायद्याने ठरवून दिलेली असेल तर ती पाळावी. ती ठरलेली नसेल तरी राजपत्र किंवा तत्सम वाजवी मार्गाने कायदा जाहीर झालाच पाहिजे. मुळात अमलात न आलेल्या अधिनियमास १९३८ च्या दुरुस्तीने जीवदान मिळू शकत नाही, असेही न्यायालयाने मानले. शिक्षा रद्द करण्यात आली.

येथे दोन तत्त्वे एकत्र वाचावी लागतात. ‘कायद्याचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही’ हे पहिले तत्त्व नागरिकावर बंधन घालते, तर ‘कायदा कळण्याजोगा असला पाहिजे’ हे दुसरे तत्त्व राज्यावर बंधन घालते. दुसरे पाळले तरच पहिले न्याय्य ठरते.

मुंबईचे प्रकरण : राजपत्र किती पुरेसे?

प्रसिद्धी झाली पण प्रत्यक्षात संबंधिताने ती वाचलीच नाही, तर? ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज’ या प्रकरणात हा प्रश्न उद्भवला. रिझर्व्ह बँकेची सोन्याच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारी ८ नोव्हेंबर १९६२ ची अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ रोजी भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, झुरिकहून मनिलाकडे निघालेला हा जर्मन प्रवासी विमानाच्या थांब्यादरम्यान मुंबईत अंगावर लपविलेल्या ३४ किलो सोन्यासह सापडला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास दोषमुक्त केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने तो निर्णय फिरविला. भारतात रूढ असलेल्या रीतीने प्रसिद्धी झाली की ती पुरेशी आहे. प्रत्येक व्यक्तीस प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले.

‘बी. के. श्रीनिवासन विरुद्ध कर्नाटक राज्य’ (१९८७) या निर्णयाने हा विचार पुढे नेला. संसद व विधिमंडळ यांचे कायदे खुल्या चर्चेतून जन्मास येतात. नियम, आदेश व अधिसूचना या प्रत्यायोजित विधानाचे तसे नसते. ते अनेकदा कार्यालयाच्या चार भिंतींत तयार होते. म्हणूनच त्याची प्रसिद्धी अधिक आवश्यक ठरते.

१ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्र शासनाचे राजपत्र छापील स्वरूपात काढणे बंद होऊन ते केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होते. यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ चा आधार आहे.

भूसंपादनाची नोटीस

राजपत्र सर्वांसाठी असते. परंतु ज्याची जमीन जाणार आहे त्याच्यासाठी तेवढे पुरेसे नाही. ‘खूबचंद विरुद्ध राजस्थान राज्य’ (ए.आय.आर. १९६७) या प्रकरणात राजस्थान भूसंपादन अधिनियम, १९५३ अन्वये त्या परिसरात जाहीर सूचना देणे बंधनकारक आहे आणि ती न दिल्यास पुढील कार्यवाही दूषित होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही प्रसिद्धी अधिक व्यापक केली. कलम ११ नुसार प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, त्या परिसरात खप असलेल्या दोन दैनिकांत (त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील), पंचायत वा नगरपालिकेत तसेच जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी व तहसील कार्यालयांत स्थानिक भाषेत, संकेतस्थळावर आणि बाधित क्षेत्रात प्रसिद्ध करावी लागते. कलम १५ नुसार हितसंबंधितास ६० दिवसांत हरकत घेता येते. आमेर तहसीलीतील शेतकऱ्यास ही सूचना हिंदीत आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्यास मराठीत मिळणे हा उपकार नव्हे. ती कायद्याची अट आहे.

मृताच्या मालमत्तेविषयीच्या उद्घोषणा

व्यक्तीच्या निधनानंतर तिची मालमत्ता, येणी व देणी यांची व्यवस्था लावताना दोन हितांचा समतोल साधावा लागतो. वारसांना कालापव्यय न होता मालमत्ता मिळावी, आणि अज्ञात वारस किंवा धनको यांना बोलण्याची संधी मिळावी. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये यासाठी पुढील प्रमुख तरतुदी आहेत.

१) प्रोबेटपूर्व उद्घोषणा (कलम २८३) : मृत्युपत्राचे प्रोबेट किंवा प्रशासनपत्र देण्यापूर्वी मालमत्तेत हितसंबंध सांगणाऱ्या सर्वांना कार्यवाहीस उपस्थित राहण्याचे आवाहन न्यायाधीश करू शकतात. ही उद्घोषणा न्यायालयाच्या इमारतीत ठळक जागी व जिल्हाधिकारी कार्यालयात लावली जाते आणि न्यायाधीश सांगतील त्याप्रमाणे अन्यत्रही प्रसिद्ध होते. हरकत घेणाऱ्यास ‘कॅव्हिएट’ दाखल करता येते (कलम २८४).

२) प्रोबेट रद्द होणे (कलम २६३) : ज्यांना बोलावणे आवश्यक होते त्यांना न बोलावता प्रोबेट मिळविले असल्यास ते रद्द होऊ शकते. अधिनियमातच हे उदाहरण दिलेले आहे. उद्घोषणा ही औपचारिकता नाही, हे यावरून स्पष्ट होते.

३) धनकोंना सूचना (कलम ३६०) : मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा प्रशासक विहित रीतीने नोटीस देऊन येणी कळविण्यास सांगतो. मुदत संपल्यावर ज्ञात दावे लक्षात घेऊन त्याने वाटप केले, तर त्या वेळी त्याला माहीत नसलेल्या दाव्यांबद्दल तो वैयक्तिकरीत्या जबाबदार राहत नाही. मात्र उशिरा आलेल्या धनकोचा हक्क नष्ट होत नाही; ज्यांच्या हाती मालमत्ता गेली त्यांच्याकडे तो मागणी करू शकतो.

४) वारसा प्रमाणपत्र (कलमे ३७० ते ३७३) : बँकेतील ठेवी, रोखे यांसारख्या येण्यांपुरते हे प्रमाणपत्र असते. अर्ज आल्यावर सुनावणीचा दिवस ठरवून त्याची सूचना न्यायालयात लावली जाते व अन्य योग्य मार्गाने प्रसिद्ध केली जाते. प्रमाणपत्रावर विसंबून सद्भावनेने रक्कम देणाऱ्या बँकेस वा ऋणकोस कलम ३८१ चे संरक्षण मिळते.

या संदर्भात एक बदल लक्षात ठेवावा. कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता व चेन्नई या उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्राशी संबंधित हिंदू, पारशी आदींच्या मृत्युपत्रांस प्रोबेट अनिवार्य होते. आमेरमधील हिंदू कुटुंबास तेथील मालमत्तेसाठी तसे बंधन नव्हते. निरसन व सुधारणा अधिनियम, २०२५ द्वारे हे कलम वगळण्यात आले. प्रोबेट घेण्याचा मार्ग मात्र खुला आहे.

चावडीवरची नोटीस

ग्रामीण महाराष्ट्रात बहुतेक कुटुंबांचा संबंध प्रोबेटपेक्षा वारस नोंदीशी येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफार नोंदवहीत नोंद केल्यावर तलाठ्याने तिची प्रत चावडीत लावावी व हितसंबंधितांना लेखी कळवावे लागते. हरकत आल्यास विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत तिची नोंद होते. सातबारावरील नोंद मालकी हक्क निर्माण करीत नाही. तरीही पीककर्ज, भरपाई व विक्री या प्रत्येक वेळी तीच पाहिली जाते.

प्रसिद्धीच्या तत्त्वाची खरी कसोटी येथे लागते. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली मुलगी, रोजगारासाठी मुंबईत किंवा जयपुरात राहणारा भाऊ, निरक्षर विधवा यांच्या दृष्टीस चावडीवरचा कागद पडत नाही. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ ने मुलीस सहदायिकीत जन्मतः समान हक्क दिला आणि ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ (२०२०) या निर्णयाने त्याविषयीचे संदेह दूर केले. तथापि राजस्थानात ‘हक त्याग’ आणि महाराष्ट्रात ‘हक्कसोड’ या नावाने बहिणीने भावांच्या नावे हिस्सा सोडण्याची रूढी टिकून आहे. स्वेच्छेने सोडलेला हक्क आणि माहितीअभावी गेलेला हक्क यांत मोठे अंतर आहे. म्हणूनच कलम १५० मधील ‘लेखी कळविणे’ हा भाग चावडीवरील प्रसिद्धीइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा आहे.

कायद्याची आणि रूढीची नोटीस

विद्यार्थ्यांनी आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. जमीन किंवा सदनिका खरेदी करण्यापूर्वी वकील वर्तमानपत्रात ‘जाहीर नोटीस’ देऊन हरकती मागवितात. ही व्यवहारातील सावधगिरी आहे. मुदतीत हरकत आली नाही एवढ्याने खऱ्या मालकाचा हक्क संपुष्टात येत नाही. याउलट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० खाली न्यायालयाच्या आज्ञेने दिलेली वर्तमानपत्रातील नोटीस ही प्रत्यक्ष बजावणीइतकीच परिणामकारक मानली जाते. त्याच संहितेच्या आदेश २१, नियम ५४ मध्ये जप्तीचा हुकूम मालमत्तेजवळ ढोल वाजवून किंवा अन्य रूढ पद्धतीने जाहीर करण्याची तरतूद आहे. दवंडी अजून कायद्याच्या पुस्तकातून गेलेली नाही.

समारोप

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने शासनावर स्वतःहून माहिती प्रकट करण्याचे कर्तव्य टाकले. हारला प्रकरणातील तत्त्वाशी ते सुसंगत आहे. ई-राजपत्र आणि संकेतस्थळे यांमुळे नोटीस कोठूनही पाहता येते. परंतु ती कोठे शोधावी हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती बंद दालनातील ठरावाइतकीच दूर राहते. यास्तव तंत्रज्ञानाच्या जोडीला स्थानिक भाषा, ग्रामसभा आणि व्यक्तिशः कळविणे या जुन्या मार्गांची आवश्यकता कायम आहे. उद्या प्रशासनात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वाक्षरीने अशा शेकडो नोटिसा निघतील. ज्याच्यासाठी ती काढली त्याच्यापर्यंत ती पोहोचली काय, हा प्रश्न त्यांनी स्वाक्षरी करताना स्वतःस विचारावा.

सरावासाठी प्रश्न

१) ‘कायद्याचे अज्ञान हा बचाव नाही’ हे तत्त्व हारला निर्णयाच्या प्रकाशात तपासा.
२) प्रत्यायोजित विधानास प्रसिद्धीची आवश्यकता अधिक का असते? न्यायनिर्णयांच्या आधारे लिहा.
३) भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २८३ व कलम ३६० खालील नोटिसांचे हेतू व परिणाम यांची तुलना करा.
४) महिलांच्या वारसाहक्काच्या संरक्षणात फेरफार नोटिशीचे महत्त्व विशद करा.