कामाच्या वेळेची नोंद : एका बटणावर

मालाचा हिशेब आपला कारागीर चोख ठेवतो. वेळेचा मात्र ठेवत नाही. लग्नपत्रिका जुळविणाऱ्या डीटीपीवाल्या बांधवाचेच उदाहरण घेऊ. समजा, तासाला १५० रुपये दर धरून त्याने दोन तासांच्या कामाचे ३०० रुपये सांगितले. पुढे ग्राहकाने तीन वेळा दुरुस्त्या काढल्या व त्यांत दीड तास गेला. हे २२५ रुपये कोठेच लिहिले गेले नाहीत. नोंद नाही म्हणून मागता येत नाहीत, आणि पुढच्या पत्रिकेचा भावही चुकीचाच ठरतो.

यावर बिनखर्चाचा इलाज आहे. विंडोजमधील नोटपॅड उघडून एफ-५ बटण दाबले की त्या क्षणाची वेळ व तारीख उमटते. काही लॅपटॉपवर सोबत एफ-एन बटणही दाबावे लागते. काम हाती घेताना बटण दाबून पुढे ग्राहकाचे नाव व ‘सुरू’ लिहावे. थांबताना पुन्हा दाबून ‘बंद’ लिहावे.

नोटपॅडमध्ये हे बटण बदलता येत नाही. सोयीचे बटण हवे असेल तर नोटपॅड प्लस प्लस हा मोफत एडिटर घ्यावा, असे आम्ही सुचवितो. डॉन हो यांनी तो २००३ साली प्रथम आणला. त्याच्या नव्या आवृत्तीत कृती अशी :

१) सेटिंग्ज मेनूतून ‘शॉर्टकट मॅपर’ उघडा.

२) ‘मेन मेनू’ या भागात ‘डेट टाइम (शॉर्ट)’ ही ओळ शोधा.

३) ओळीवर दोनदा क्लिक करून एफ-९ निवडा व ओके करा. ते बटण आधीच दुसऱ्या कामाला दिलेले असल्यास तशी सूचना दिसते. मग दुसरे निवडा.

तीन पथ्ये पाळावीत. कॉम्प्युटरचे घड्याळ बरोबर आहे ना, ते पाहावे. चहाला उठताना किंवा फोन आल्यावर ‘बंद’ नोंदवावे. न केलेल्या कामाचे पैसे ग्राहकावर पडू नयेत. प्रत्येक नोंदीनंतर कंट्रोल व एस दाबून फाइल सेव्ह करावी, म्हणजे वीज गेली तरी नोंद राहते.

अशा चार-सहा ऑर्डरींची नोंद जमली की जुळणीला किती वेळ लागतो व दुरुस्त्यांना किती, हे आकड्यांत कळेल. मग ‘दोन दुरुस्त्या भावात, पुढे तासाप्रमाणे’ असे आधीच सांगता येईल. भाव आधी ठरला की नंतरची घासाघीस टळते, आणि मेहनतीचा मोबदलाही पदरात पडतो.