हेज कटर : हात घालण्याआधी इंजिन बंद

आपल्या वस्त्यांतले अनेक तरुण ठेकेदाराकडे बागकामाला जातात. सोसायटीच्या, कंपनीच्या, पालिकेच्या बागेतले मेंदीचे कुंपण पूर्वी मोठ्या कात्रीने कापले जायचे. आता हातात पेट्रोलचे हेज कटर येते. काम झटपट होते; पण यंत्र चालवायचे कसे, हे सहसा कोणी शिकवत नाही. ‘दोरी ओढ आणि सुरू कर’, एवढेच शिक्षण.

आम्ही रुग्णालयात नोकरीला असताना असाच एक मुलगा आला होता. पात्यात फांदी अडकली, ती त्याने इंजिन चालू ठेवूनच ओढली. त्यात रेसच्या खटक्याला हात लागला आणि दोन बोटे गेली. सोबत्यांनी तुटलेली बोटे आणली होती, पण थेट बर्फात घालून. मांस गोठून खराब झाले होते, बोटे जोडता आली नाहीत. त्या पोरांना कोणी काही सांगितलेच नव्हते. म्हणून हा धडा.

थांबलेले पाते म्हणजे बंद यंत्र नव्हे

हेज कटरला दातेरी पाती असतात आणि ती कात्रीसारखी एकमेकांवर सरकतात. रेस सोडली की पाते थांबते, पण इंजिन चालूच असते. खटक्याला धक्का लागला की पाते पुन्हा धावते. म्हणून एकच नियम पाठ करा. फांदी काढायची असो, पाते पुसायचे असो की ऑइल द्यायचे असो, आधी स्विच बंद करा. पाते थांबल्याची खात्री करा. मग स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. त्यानंतरच हात घाला, तोही हातमोजा घालून. अडकलेली फांदी काडीने काढलेली बरी.

रेस पूर्ण सोडल्यावरही पाते हलत असेल, तर कार्बोरेटरचे सेटिंग किंवा क्लच बिघडलेला आहे. ते यंत्र त्या दिवशी वापरू नका, मिस्त्रीकडे द्या.

सुरू करण्यापूर्वी

कुंपणात तार, लोखंडी जाळी, विजेची केबल, मधमाश्यांचे पोळे नाही ना, हे काठीने पाने बाजूला सारून बघा. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपँट आणि पायात बूट हवेत. डोळ्यांना गॉगल, कानांना इअरप्लग किंवा इअरमफ हवेत. मोबाइलचे हेडफोन त्या जागी चालत नाहीत. या यंत्राचा आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर जातो. रोज तासन्‌तास तो ऐकला की ऐकू कमी येऊ लागते, आणि गेलेले ऐकू परत येत नाही.

यंत्र जमिनीवर टेकवून, एका हाताने घट्ट दाबून दोरी ओढा. पाते कशालाही लागू देऊ नका. चालवताना दोन्ही हात यंत्रावरच असावेत. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन कापू नका.

कापलेल्या फांद्या गोळा करायला बहुधा बायाच असतात. ताई, यंत्र बंद होईपर्यंत पंधरा फूट लांब राहा. पदर आणि ओढणी खोचून घ्या. चालवणाऱ्यानेही मागे वळण्याआधी रेस सोडावी.

सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नका, आळीपाळीने काम करा. यंत्राच्या थरथरीने बोटे बधिर होतात, त्यांना मुंग्या येतात. थंडीत बोटे पांढरी पडू लागली तर ती वयाची खूण समजू नका, डॉक्टरांना दाखवा. तंबाखू आणि विडीने बोटांचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

पेट्रोल

बहुतेक हेज कटर टू स्ट्रोक असतात. त्यांच्या पेट्रोलमध्ये टू टी ऑइल मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५०:१ असेल तर एक लिटरला २० मिलि, २५:१ असेल तर ४० मिलि. ऑइल नसले तर इंजिन जाम होते.

गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, दहा मिनिटे थांबा. जवळ विडी, काडेपेटी नको. सांडले तर पुसा आणि यंत्र दहा फूट दूर नेऊन सुरू करा. बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने जीव जातो.

नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. पेट्रोल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका, लहान मूल सरबत समजून पिते. कोणी पेट्रोल प्यायलेच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात उतरते. लगेच दवाखान्यात न्या.

निगा

रोज काम संपल्यावर पात्यावरचा चीक आणि पाने पुसा, हलके ऑइल द्या, म्यान चढवा. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा. गिअरचे ग्रीस पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी भरा. नटबोल्ट रोज तपासा. बोथट पाते फांदी ओढते आणि अडकते, म्हणून वेळेवर धार लावून घ्या. यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुने मिश्रण इंजिन बिघडवते.

अपघात झालाच तर

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चहापूड, माती लावू नका. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये. १०८ ला फोन करा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. सायलेन्सरने भाजले तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट लावू नका.

गॉगल, हातमोजे, बूट देणे ठेकेदाराचे काम आहे, तो उपकार नव्हे. चौघांनी मिळून मागा. कामावर इजा झाली तर भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. हजेरीवर नाव आहे ना, हे आजच बघा. दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा.

घरात कोणी हे काम करत असेल तर त्याला हे पान वाचून दाखवा. मग विचारा, ‘फांदी अडकली तर आधी काय करशील?’ ‘स्विच बंद करीन, प्लगची टोपी काढीन’ असे उत्तर आले, तर हा धडा पोचला.