पुरस्कार कशासाठी द्यायचा?

आपण एखादा कारखाना, दुकान, शाळा किंवा दवाखाना चालवत असाल, आपल्या हाताखाली दहा-वीस माणसे असतील, तर हा विचार आपल्या मनात कधीतरी आला असेल : चांगले काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा पुरस्कार द्यावा, म्हणजे त्यांचा उत्साह वाढेल आणि ते आपल्याला सोडून जाणार नाहीत. विचार चांगला आहे. मात्र त्यात दोन हेतू एकत्र मिसळले आहेत. कष्ट करणाऱ्याचा मान राखावा, हा एक. आणि त्याने आपल्याकडेच टिकून राहावे, हा दुसरा. यातला कोणता हेतू वरचढ आहे, हे घेणाऱ्याला बरोबर कळते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक. परतफेड मनात ठेवून किंवा नाइलाजाने दिलेले राजस. आणि अवेळी, अपात्र व्यक्तीला किंवा अनादराने दिलेले तामस. पुरस्कार हे दान नव्हे, तो घेणाऱ्याने कमावलेला असतो. तरीही देणाऱ्याने स्वतःचे मन तपासण्यासाठी ही कसोटी फार उपयोगी आहे. निष्ठा विकत घेण्यासाठी दिलेली भेट राजस ठरते. आणि नाव चुकीचे छापलेले प्रमाणपत्र, पाहुण्यांच्या भाषणानंतर पाच मिनिटांत उरकलेले सत्कार, ही तर तिसऱ्या प्रकाराची उदाहरणे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

महाराष्ट्रातील एसटीचे उदाहरण पाहा. २५ वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा एसटी महामंडळ सत्कार करते, तोही बऱ्याचदा सपत्नीक. या सत्काराचे वेगळेपण लक्षात घ्या. जे घडले नाही, त्याचा हा सन्मान आहे. घाटातल्या वळणावर चालकाने वेग कमी केला, चुकीच्या बाजूने आलेल्या दुचाकीसाठी वेळीच ब्रेक दाबला, डोळ्यांवर झोप आली तेव्हा गाडी थांबवून तोंडावर पाणी मारले, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. प्रवासी आपापल्या थांब्यावर उतरून निघून जातात. असे अदृश्य काम कोणीतरी पाहिले, मोजले, हे त्या सत्कारातून चालकाला समजते. पत्नीला बोलावण्यातही अर्थ आहे. मुक्कामी गाडी घेऊन परगावी गेलेल्या माणसाचे घर इतकी वर्षे कोणी सांभाळले, हे त्यात मान्य केलेले असते. शिवाय २५ वर्षांचा संयम कोणाला महिनाभरात उभा करता येत नाही, त्यामुळे या पुरस्कारासाठी नाटक करणेही शक्य नाही.

पण याच महामंडळाचे कर्मचारी २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संपावर होते. राज्य शासनात विलीनीकरण ही त्यांची मुख्य मागणी होती आणि तिच्यामागे पगाराचा प्रश्न होता. पोटाचा प्रश्न शाल-श्रीफळाने सुटत नाही. वेतन अडकलेले असताना केलेला सत्कार तर माणसाला चेष्टाच वाटते.

आता उलट बाजू पाहूया. अमेरिकेतील औद्योगिक धुलाईच्या एका कारखान्यात, महिनाभर वेळेवर आणि नियमित येणाऱ्यांसाठी पुरस्कार जाहीर करण्यात आला. गुबलर, लार्किन आणि पियर्स या अभ्यासकांनी त्याचे परिणाम तपासले आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. उशिरा येणारे काही काळ सुधारले. पण एकदा उशीर होऊन पुरस्कार हातचा गेला की, उरलेला महिना अनेकांना वक्तशीरपणाची गरज वाटेना. पूर्वी कोणत्याही बक्षिसाशिवाय वेळेवर येणाऱ्यांचेही तेच झाले. सर्वांत दुःखाची गोष्ट पुढेच आहे. जे आधीपासून मन लावून काम करत होते त्यांचा उत्साह मावळला, आणि कारखान्याची एकूण उत्पादकता सुमारे १.४ टक्क्यांनी घटली. जे ते आपले कर्तव्य समजून करत होते, त्याला अचानक किंमत लावली गेली. आणि ती किंमत मिळाली उशिरा येणाऱ्यांना सुधारण्यासाठी! प्रामाणिक माणसाला हे लागणारच.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात माहिती नोंदवण्याच्या तात्पुरत्या कामावर तीनशेहून अधिक लोक होते. त्यांतील काही गटांत, आधी काहीही न सांगता, काम चालू असताना आभाराचे साधे कार्ड दिले गेले. त्यानंतर काम वाढले. गटातील फक्त सर्वोत्तम तिघांना कार्ड दिले, तिथे तर ते सर्वांत जास्त वाढले, आणि वाढवले मुख्यतः कार्ड न मिळालेल्यांनी. येथे पैसा नव्हता, अट नव्हती, आमिष नव्हते. चांगल्या कामाकडे कोणाचे तरी लक्ष आहे, एवढेच इतरांना दिसले.

म्हणून ‘या महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ अशी चौकट प्रवेशद्वाराजवळ लावण्यापूर्वी थोडे थांबा. काही महिन्यांनी ‘आता कोणाची पाळी’ असा हिशोब सुरू होतो, मग कोणी नाराज होऊ नये म्हणून पुरस्कार फिरता ठेवला जातो आणि चौकटीकडे कोणी पाहतही नाही. त्यापेक्षा निवडीत सहकाऱ्यांना सामील करा, कारण मदत कोण करतो हे मालकापेक्षा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जास्त ठाऊक असते. सन्मान करताना ‘उत्तम कार्याबद्दल’ असे मोघम न लिहिता नेमके काय केले ते लिहा, मोठ्याने वाचा. आणि पुरस्कार मिळाल्यावर कोणी नोकरी सोडून जायचे म्हटले, तर ‘एवढे केले तरी गेला’ असे मनातही आणू नका. त्याने केलेल्या कामाचा तो मान होता. पुढच्या कामाचा आगाऊ मोबदला नव्हता.

या आठवड्यात एक वही घ्या. आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा, झाडलोट करणाऱ्यापासून ते रात्री पहारा देणाऱ्यापर्यंत. प्रत्येक नावापुढे, गेल्या महिन्यात आपण स्वतः पाहिलेले त्याचे एक चांगले काम लिहा. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, त्या माणसाच्या कामाच्या जागी उद्या जाऊन अर्धा तास शांतपणे बसा.