आडवाटेची गाडी : स्प्रिंगांची रचना आणि इंधनाचा हिशेब

१९५२ साली समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून गटाची जीप खेड्यापाड्यांत ओळखीची झाली. चारही चाकांना जोर देता येणारी ही गाडी बैलगाडीच्या वाटेनेही जात असे. मात्र तिला पोलादी पट्ट्यांच्या कमानी असत आणि वाटेतील प्रत्येक दगडाची वार्ता आत बसणाऱ्याच्या पाठीला लागे. १९८५ च्या अखेरीस आलेल्या मारुती जिप्सीलाही पुढेमागे अशाच कमानी होत्या. जून २०२३ मध्ये मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी भारतात विक्रीस आली. तिच्यात कमानी जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या आहेत. मळ्याची वाट वाईट असलेला शेतकरी अशा गाडीकडे ओढला जातो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, “अ‍ॅव्हरेज किती पडते?” हा प्रश्न योग्यच आहे, पण गाडीची ठेवण समजल्याखेरीज त्याचे उत्तर नीट कळत नाही.

या गाडीचा पाया शिडीच्या आकाराच्या मजबूत चासीचा आहे. पुढे आणि मागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकेक अखंड आख असून तो तीन दांड्यांनी जागेवर धरलेला आहे. बैलगाडीचे एक चाक धोंड्यावर चढले की आख कलतो आणि दुसरे चाक जमिनीवर दाबले जाते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. येथेही तेच घडते. गुंडाळीच्या स्प्रिंगा पट्ट्यांच्या कमानीपेक्षा मोकळेपणाने दबतात व ताणतात, त्यामुळे खळग्यात उतरलेले चाकही जमीन सोडत नाही. जमिनीला टेकलेले चाकच गाडी ओढते. अधांतरी चाक नुसते फिरते. ते फिरू लागलेच तर त्यापुरता ब्रेक आपोआप लागून जोर दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळवण्याची सोयही केलेली आहे.

दुसरा लाभ उंचीचा. गाडीच्या तळाखाली २१० मिलिमीटर मोकळी जागा आहे. आख अखंड असल्याने एक चाक वर चढले की डिफरन्शियलचा गोळाही त्याबरोबर उचलला जातो व दगडावर आपटत नाही. प्रत्येक चाक स्वतंत्र टांगलेल्या गाडीत चाके वर दबतात, पण पोट खाली येते. म्हणून नांगरटीच्या कडेने किंवा ओढ्यातून जाण्यास अखंड आख बरा. डांबरी रस्त्यावर मात्र त्याचा जडपणा जाणवतो. वेगात खड्डा आला की गाडी आडवी डुलते. २०२० च्या महिंद्रा थारमध्ये म्हणूनच पुढच्या चाकांना स्वतंत्र रचना देऊन मागे अखंड आख ठेवला आहे. ज्याचे नित्याचे जाणे तालुक्यापर्यंत डांबरी रस्त्याने आहे, त्याने हा फरक स्वतः बसून पाहावा. विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये.

आता इंधनाकडे वळू. १४६२ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाची ही गाडी हाताने गिअर बदलण्याच्या प्रकारात लिटरला १६.९४ किलोमीटर व आपोआप गिअर बदलणाऱ्या प्रकारात १६.३९ किलोमीटर जाते, असा जाहीर आकडा आहे. तो खोटा नव्हे. पण तो प्रयोगशाळेत गाडी रुळांवर चालवून काढलेला आहे. ती चाचणी सुमारे २० मिनिटांची असते. तेथे चिखल नसतो, चढ नसतो, मागे खताचे पोते नसते. शिवाय चौकोनी, उभट गाडीला वेगात वारा फार अडवतो. २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. ऊस उत्पादकांना ते हिताचे असले, तरी लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश उष्णता असते, हेही हिशेबात धरावे.

खरा आकडा स्वतःच काढावा. टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहून ठेवावेत. पुन्हा त्याच पंपावर पूर्ण भरताना किती लिटर बसले ते पाहावे. समजा, ३७० किलोमीटरला २७.४ लिटर लागले, तर लिटरला साडेतेरा पडले. महिन्याला १००० किलोमीटर फिरणाऱ्यास जाहीर आकड्याप्रमाणे ५९ लिटर लागावयास हवेत. साडेतेराच्या हिशेबाने ७४ लागतील. वर्षाचा फरक १८० लिटरचा होतो. हप्ता ठरवण्यापूर्वी हा खर्च मांडलेला बरा.

इंधन व यंत्र यांची मोठी नासाडी एका दांड्याच्या चुकीने होते. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे. त्याने दोन चाकांचा जोर, चार चाकांचा जोर, आणि चार चाकांचाच मंद पण सुमारे दुप्पट जोर निवडता येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाकांचा जोर कधीही ठेवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात ती किंचित घसरून ही ओढाताण सोडवतात, डांबरावर ते साधत नाही. मग टायर घासतात, दांडे पिळवटतात व पेट्रोल व्यर्थ जळते. मंद जोर गाडी थांबवूनच लावावा.

भाराविषयी गैरसमज फार आहे. गाडीचे वजन सुमारे १२०० किलो व भारासह मर्यादा १५४५ किलो. चार माणसे बसली की युरियाचे ४५ किलोचे जेमतेम एक पोते उरते. ही मालवाहू गाडी नव्हे. भाजीपाल्याची वाहतूक करणाऱ्याने छोटा टेम्पो पाहावा.

गाडी शेतात जाऊ शकते म्हणून ती नेलीच पाहिजे असे नाही. काळ्या रानात वाफसा येण्यापूर्वी चाके घातली तर टायरच्या खाचा चिकण मातीने भरतात आणि चारही चाकांचा जोर फुकट जातो. गाडी ओढून निघते. दाबलेली माती निघत नाही. त्या चाकोऱ्यांत पाणी साचते, हवा खेळत नाही व पिकाची मुळे खाली उतरत नाहीत. बांधावर गाडी ठेवून पायी जाणे अशा वेळी स्वस्त पडते.

टायरमधील हवा गाडीवरील पट्टीत दिल्याप्रमाणे, टायर थंड असताना, पंधरा दिवसांनी पाहावी. पेट्रोलच्या वहीत पावसाळ्याची व उन्हाळ्याची पाने वेगळी ठेवावीत, आणि पहिल्या भरणीचा आकडा सोडून पुढच्या तीन भरण्यांची सरासरी धरावी.